चार घरे आणि एक कर्ज: लहान बांधकाम प्रकल्पात व्याजदरापेक्षा वेळ महाग का पडतो

ब्रिटनमध्ये दहा-पंधरा वर्षे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाची गुंतवणुकीची वाट बहुधा ठरलेली असे. आधी राहते घर, मग भाड्याने देण्यासाठी एखादा फ्लॅट, शिवाय पुण्याला किंवा नाशिकला आईवडिलांच्या नावाशेजारी आपले नाव लावलेली एक सदनिका. भाड्याच्या घराचे गणित मात्र आता पूर्वीसारखे जुळत नाही. वैयक्तिक नावावरील भाड्याच्या घराच्या कर्जाचे व्याज उत्पन्नातून पूर्णपणे वजा करण्याची सवलत २०१७ पासून टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली आणि २०२० पासून तिच्या जागी केवळ २० टक्के दराची करसवलत उरली. इंग्लंडमध्ये दुसरे घर घेताना लागणारा मुद्रांक शुल्काचा अधिभार ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के झाला. साहजिकच काहींची नजर पुढच्या पायरीकडे वळते. तीन-चार मित्रांनी मिळून बांधकामाची परवानगी असलेला लहान भूखंड घ्यायचा, त्यावर चार घरे उभी करायची आणि विकून मोकळे व्हायचे, असा तो बेत असतो.

या बेताचा नफा कागदावर चटकन दिसतो. पैसा कोणत्या क्रमाने आत येतो आणि कोणत्या क्रमाने बाहेर जातो, हे मात्र काम सुरू झाल्यावरच अनेकांच्या ध्यानात येते. प्रकल्प तरतो की बुडतो, हे बहुतेक वेळा याच क्रमावर ठरते.

इंग्लंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस दर दहा नव्या घरांपैकी सुमारे चार घरे लहान आणि मध्यम बांधकाम व्यावसायिक बांधत असत. अलीकडच्या काळात हे प्रमाण दहात एकाच्या आसपास घसरले आहे. परवानगीची किचकट प्रक्रिया हे त्याचे एक कारण आणि पैसा हे दुसरे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर मोठ्या बँकांनी लहान प्रकल्पांना कर्ज देण्यातून बरेच अंग काढून घेतले. ती जागा नव्या लहान बँकांनी आणि केवळ बांधकामाला कर्ज देणाऱ्या संस्थांनी भरली. पैसा उपलब्ध झाला, पण अधिक महाग आणि अधिक अटींसह.

गृहकर्जाची सवय इथे उपयोगाची नाही

गृहकर्ज घेताना घर उभे असते आणि कर्जदात्याचे लक्ष अर्जदाराच्या पगारावर असते. बांधकामाच्या कर्जात तारण म्हणून मोकळी जमीन आणि काही नकाशे एवढेच असते. परतफेड पगारातून व्हायची नसून घरांच्या विक्रीतून व्हायची असते. त्यामुळे वर्षाला दीड लाख पौंड कमावणाऱ्या शल्यविशारदाचा अर्ज नाकारला जातो आणि त्याच्या निम्मे उत्पन्न असलेल्या, पण आधी दोन प्रकल्प पूर्ण केलेल्या बांधकाम व्यावसायिकाला होकार मिळतो, यात नवल नाही. कर्जदाता अनुभव विकत घेत असतो. स्वतःचा अनुभव नसेल तर अनुभवी भागीदार, नावाजलेला कंत्राटदार किंवा व्यावसायिक प्रकल्प व्यवस्थापक सोबत असावा लागतो, आणि त्यांचा मोबदला पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा लागतो.

कर्जाची कमाल मर्यादा दोन मापांनी ठरते. एक माप एकूण खर्चाचे. दुसरे माप घरे पूर्ण झाल्यावर त्यांच्या विक्रीतून अपेक्षित असलेल्या एकूण रकमेचे. व्यवसायात तिला जीडीव्ही म्हणतात. मुख्य कर्जदाता सर्वसाधारणपणे जीडीव्हीच्या ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत जातो. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की या मर्यादेत केवळ मुद्दल नव्हे, तर साठत जाणारे व्याज आणि शुल्कही येते. जाहिरातीतील कर्जाचा आकडा आणि साइटवर खरोखर पोहोचणारी रक्कम यांतील फरक इथेच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार घरांची परवानगी असलेला भूखंड ५ लाख पौंडांना मिळाला. मुद्रांक शुल्क आणि वकील मिळून २५ हजार. चार हजार चौरस फुटांचे बांधकाम, चौरस फुटाला २०० पौंड दराने ८ लाख. अनपेक्षित खर्चासाठी त्याच्या १० टक्के, म्हणजे ८० हजार. वास्तुविशारद, अभियंता आणि अन्य सल्लागार यांचे ८० हजार. स्थानिक परिषदेचा विकास आकार, वीज-पाण्याच्या जोडण्या आणि इमारतीची हमी यांचे ६० हजार. कर्जदात्याचा वकील, मूल्यांकन आणि देखरेख यांचे १५ हजार. बेरीज १५ लाख ६० हजार. प्रत्येक घर साडेपाच लाखांना विकले जाईल असे धरले, तर जीडीव्ही २२ लाख.

कर्जदाता जमिनीच्या किमतीपैकी ६० टक्के, म्हणजे ३ लाख, पहिल्या दिवशी देतो. त्यानंतर बांधकाम, राखीव रक्कम आणि जोडण्यांचे मिळून ९ लाख ४० हजार काम होईल तसे देतो. उरलेले ३ लाख २० हजार प्रवर्तकांनी घालायचे. व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत अठरा महिने धरली, तर व्याज सुमारे १ लाख ४० हजार होते. सुरुवातीचे आणि अखेरचे शुल्क सुमारे ४३ हजार. विक्रीचा खर्च ४४ हजार. सगळे वजा जाता करपूर्व नफा सुमारे ४ लाख १३ हजार पौंड उरतो. तीन लाख वीस हजार घालून दीड वर्षात चार लाखांवर मिळणार, हे कळल्यावर मित्रमंडळींच्या बैठकीत सहसा कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

तो प्रश्न असा की नऊ महिने उशीर झाला तर काय? शेवटच्या टप्प्यात कर्जाची बाकी १४ लाखांच्या घरात असते आणि तिच्यावर महिन्याला सुमारे ११ हजार पौंड व्याज चढते. कर्ज ठरवताना साडेनऊऐवजी नऊ टक्के दर मिळावा म्हणून लोक आठवडेच्या आठवडे घासाघीस करतात. या उदाहरणात त्या अर्ध्या टक्क्याने वाचतात साधारण ७ हजार पौंड, म्हणजे वीस दिवसांचा उशीर.

आता कोणतीही आपत्ती न येता थोडेसे सगळेच बिघडले असे समजू. घरे ७ टक्के कमी दराने विकली गेली. बांधकाम १५ टक्क्यांनी महागले. त्यातील १० टक्के राखीव रकमेने झेलले, उरलेले ४० हजार खिशातून गेले. काम आणि विक्री मिळून नऊ महिने लांबली. त्याचे व्याज आणि मुदतवाढीचे शुल्क १ लाख १४ हजार. ४ लाख १३ हजारांचा नफा १ लाख ८ हजारांवर येतो. कर्जदात्याचा पैसा अजूनही पूर्ण सुरक्षित असतो. कर्जाची मर्यादा मात्र कधीच संपलेली असते, आणि मधल्या काळात जवळपास दीड लाख पौंड नव्याने उभे करावे लागलेले असतात. नफ्यात चाललेला प्रकल्पही रोकड संपल्याने अडतो तो असा.

आधी काम, मग पैसा

मंजूर झालेले कर्ज एकरकमी हाती येत नाही. कंत्राटदार महिन्याचे काम करतो, बिल देतो. कर्जदात्याने नेमलेला मॉनिटरिंग सर्व्हेअर, जो बहुधा क्वांटिटी सर्व्हेअर असतो, साइटवर येऊन झालेल्या कामाची किंमत ठरवतो. त्याच्या अहवालानंतर रक्कम सुटते. तो नेमतो कर्जदाता, त्याचे शुल्क भरतो कर्जदार, आणि त्याची निष्ठा स्वाभाविकपणे कर्जदात्याशी असते.

कंत्राटदाराने ७५ हजारांचे बिल दिले आणि सर्व्हेअरने ६५ हजारच मान्य केले, तर मधले १० हजार कोणी द्यायचे? इथे १९९६ चा बांधकामविषयक कायदा आड येतो. त्यानुसार बिलातील रक्कम कमी करायची असेल तर ठरलेल्या मुदतीत, कारणे आणि हिशेब देऊन, लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस चुकली तर आधी पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि वाद नंतर घालावा लागतो. कंत्राटदार लवादासारख्या जलद प्रक्रियेत गेला तर निर्णय साधारणपणे २८ दिवसांत येतो. स्वतःच्या राहत्या घराचे काम करवून घेणाऱ्याला या कायद्यातून सूट आहे. विक्रीसाठी घरे बांधणाऱ्या कंपनीला नाही. दिवसा रुग्णालयात किंवा कार्यालयात असलेल्या संचालकांकडून अशा तारखा सहज निसटतात. कराराचे प्रशासन सांभाळणाऱ्या माणसाच्या मोबदल्यात काटकसर करू नये, ती यासाठी.

आणखी एक अडचण साइटवर न पोहोचलेल्या मालाची. लाकडी सांगाड्याचा कारखाना किंवा खिडक्या बनवणारा आगाऊ रक्कम मागतो. कर्जदाता मात्र जमिनीला जोडलेल्या किंवा निदान साइटवर आलेल्या मालाचेच पैसे देऊ इच्छितो. मालाची मालकी आपल्याकडे आल्याचे प्रमाणपत्र आणि विमा दाखवून काही वेळा मार्ग निघतो, पण तो आधी ठरलेला असावा लागतो. मूल्यवर्धित कराचेही तसेच. नव्या घराच्या बांधकामावर हा कर शून्य दराने लागतो, दुकान वा कार्यालयाचे घरांत रूपांतर असेल तर कामावर ५ टक्के, सल्लागारांच्या शुल्कावर मात्र २० टक्के. नवी घरे विकणाऱ्या कंपनीला तो परत मिळतो, पण काही आठवडे रोकड अडकून राहते.

आणि मग येते ती अट, जी करारात एका परिच्छेदात असते आणि जिच्यावर अवघा प्रकल्प उभा असतो. उरलेल्या कर्जात उरलेले काम पूर्ण व्हायलाच हवे. पायाभरणीच्या वेळी माती खराब निघाली आणि सर्व्हेअरने उरलेला खर्च ६० हजारांनी वाढवून लिहिला, तर तो खर्च प्रत्यक्षात वर्षभराने व्हायचा असला तरी कर्जदाता ती रक्कम आत्ताच घालायला सांगू शकतो. ती आल्याखेरीज पुढचा हप्ता सुटत नाही. म्हणून राखीव रकमेव्यतिरिक्त, प्रवर्तकांच्या हाती तातडीने निघेल असा पैसा हवा. निवृत्तिवेतन निधीत किंवा पुण्याच्या फ्लॅटमध्ये अडकलेली संपत्ती या कामी येत नाही.

जमीन घेण्याआधीच्या काही गोष्टी थोडक्यात. मोकळ्या जमिनीवर मुद्रांक शुल्क अनिवासी दराने लागते. ५ लाखांवर ते १४ हजार ५०० पौंड होते. त्याच जागी पाडायचे जुने घर उभे असेल तर कंपनीला अधिभारासह ४० हजारांपर्यंत भरावे लागू शकते. इंग्लंडमधील परवानगी सामान्यतः तीन वर्षांत काम सुरू न केल्यास संपते, त्यामुळे स्वस्त मिळणाऱ्या भूखंडाची तारीख आधी पाहावी. जिथे परिषद विकास आकार घेते, तिथे काम सुरू करण्यापूर्वी तशी नोटीस देणे विसरल्यास हप्त्यांची सवलत जाते आणि वर दंड बसू शकतो. दहा वर्षांची संरचनात्मक हमी पायाचे काम सुरू होण्याआधीच नोंदवावी; तिच्याशिवाय खरेदीदाराला गृहकर्ज मिळणे कठीण होते आणि तयार घर विकता येत नाही.

हमीपत्रावरची सही

प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र मर्यादित कंपनी काढण्याची रीत आहे. कंपनी बुडाली तरी आपण सुरक्षित, अशी त्यामागे समजूत असते. कर्जदात्यालाही ती समजूत ठाऊक असते. म्हणून तो जमिनीवर पहिला बोजा चढवतो, कंपनीच्या सर्व मालमत्तेवर बोजा घेतो, कंत्राटदार आणि वास्तुविशारद यांच्याकडून आपल्या नावे हमीपत्रे घेतो आणि त्यावर संचालकांची वैयक्तिक हमी मागतो. ती कधी कर्जाच्या २०-२५ टक्क्यांपुरती असते, कधी पूर्ण कर्जाची, कधी केवळ वाढीव खर्च आणि व्याजाची. व्याजदरावर जितकी घासाघीस होते, तितकी या मर्यादेवर क्वचितच होते. खरे तर ती उलटी व्हायला हवी.

अनेक मित्र मिळून हमी देतात तेव्हा ती बहुधा संयुक्त आणि स्वतंत्र अशा दोन्ही स्वरूपांची असते. याचा अर्थ ३ लाखांच्या हमीत चौघांनी प्रत्येकी ७५ हजार द्यायचे असा नव्हे. कर्जदाता चौघांपैकी कोणा एकाकडून पूर्ण ३ लाख मागू शकतो, आणि ज्याचे घर मोठे व कर्ज फिटलेले, त्याच्याकडेच तो आधी जाईल. त्याने नंतर इतरांकडून त्यांचा वाटा वसूल करायचा, म्हणजे गणेशोत्सवात सोबत ढोल वाजवणाऱ्यांवर दावा लावायचा. हे टाळण्यासाठी भागधारकांचा करार कर्जाच्या आधी व्हावा. जास्त पैसे कोणी, किती दिवसांत घालायचे, न घातल्यास त्याचा हिस्सा किती घटेल, कोणाची नोकरी गेली तर काय, हे सारे त्यात लिहिलेले असावे. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणारा भागीदार पुढे पैसे मागण्याची वेळ आल्यावर काय म्हणेल, याचा अंदाज तेव्हाच घ्यावा.

दुसरा नाजूक मुद्दा पतिपत्नींचा. कराच्या सोयीसाठी हिशेबनीसाच्या सांगण्यावरून पत्नीला संचालक केलेले असते आणि हमीपत्रावर तिची सही ओघानेच घेतली जाते. पतीच्या व्यवसायाच्या कर्जाला पत्नी हमी देत असेल, तर तिला वकिलाने परिणाम समजावून सांगितले आहेत याची खात्री बँकेने करून घ्यावी, असा दंडक हाउस ऑफ लॉर्ड्सने २००१ मध्ये एट्रिज खटल्यात घालून दिला. त्यामुळे आज कर्जदाते वकिलाच्या प्रमाणपत्राशिवाय हमी घेत नाहीत. हे प्रमाणपत्र मुख्यतः कर्जदात्याचे रक्षण करते. एकदा ते दिले गेले की ‘मला समजले नव्हते’ हा बचाव जवळपास संपतो. त्या भेटीत सही करायची की नाही हा प्रश्न खुला ठेवूनच जायला हवे.

पुण्याचा पैसा आणि इथली तारीख

स्वतःचा हिस्सा घालण्यासाठी पुष्कळ जण भारतातील वडिलोपार्जित घर किंवा जुनी सदनिका विकतात. अनिवासी भारतीयाने मालमत्ता विकली की खरेदीदाराला किमतीतून करकपात करावी लागते. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर मूळ दर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के आहे. अधिभार आणि उपकर वेगळे. कपात कमी व्हावी म्हणून आयकर विभागाचे प्रमाणपत्र आधी घेता येते, पण त्याला वेळ लागतो. विक्रीची रक्कम एनआरओ खात्यात जमा झाल्यावर आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येते. त्यासाठी सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. भारतात राहणारे आईवडील मदत करणार असतील तर त्यांना प्रत्येकी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे.

ब्रिटनमधील वकील आणि कर्जदाता, दोघेही या पैशाचा उगम विचारतात. खरेदीखत, इंडेक्स-टू, विक्रीचा करार, बँकेची विवरणे, वारसाहक्काचे कागद, आणि मराठीतील प्रत्येक कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर. भावाच्या खात्यातून, मग काकांच्या खात्यातून फिरून आलेली रक्कम कितीही सचोटीची असली तरी ती समजावून सांगण्यात आठवडे जातात. लिलावात घेतलेल्या भूखंडाचा व्यवहार मात्र बहुधा २८ दिवसांत पूर्ण करायचा असतो, नाहीतर १० टक्के अनामत जाते. भारतातून येणारा पैसा ब्रिटनमधील खात्यात जमा होण्याआधी बोली लावणे हा धोका अनुभवी माणसे पत्करत नाहीत.

हिस्सा कमी पडला तर दुय्यम कर्ज मिळते. मुख्य कर्जाच्या मागे दुसरा बोजा घेऊन ते जीडीव्हीच्या ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत नेते. त्याचा दर मुख्य कर्जापेक्षा बराच चढा असतो आणि उशिराचा फटकाही त्याच प्रमाणात वाढतो. वर पाहिलेल्या उदाहरणातला १ लाख ८ हजारांचा उरलेला नफा अशा कर्जाने सहज गिळला असता. त्याऐवजी नफ्यात वाटा घेणारा भागीदार महाग वाटतो, पण उशीर झाला तर तो व्याज मागत नाही.

बाहेर पडण्याचा रस्ता

बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर डिसेंबर २०२१ च्या मध्यापर्यंत ०.१ टक्के होता. ऑगस्ट २०२३ मध्ये तो ५.२५ टक्क्यांवर पोहोचला. बदलत्या दराचे कर्ज घेतलेल्यांचे व्याज याच काळात वाढत गेले, आणि नेमक्या त्याच सुमारास, मार्च २०२३ अखेर, इंग्लंडमधील पहिल्या घराच्या खरेदीदारांना नव्या घरासाठी मदत करणारी ‘हेल्प टू बाय’ योजनाही संपली. घरे तयार होती, खरेदीदार थबकले होते आणि कर्जाची मुदत भरत आली होती. अशा वेळी तयार घरांवर तुलनेने स्वस्त अल्पमुदतीचे कर्ज घेऊन बांधकामाचे कर्ज फेडता येते, कारण बांधकामाची जोखीम संपलेली असते. घरे भाड्याने देऊन दीर्घ मुदतीचे कर्ज घेणे हा दुसरा मार्ग, पण भाड्याच्या उत्पन्नावर मिळणारे कर्ज बांधकामाच्या कर्जाची पूर्ण बाकी फेडायला पुरेल का, हे जमीन घेण्याआधी तपासायचे असते. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात धावाधाव करणाऱ्याला मिळेल तो दर स्वीकारावा लागतो. चार महिने आधी बोलणी सुरू करणाऱ्याला निवड असते.

पहिल्या तीन घरांच्या विक्रीची सगळी रक्कम बहुधा कर्जदात्याकडे जाते. या उदाहरणात तिसऱ्या घरापर्यंत कर्ज फिटते आणि प्रवर्तकांचे भांडवल व नफा, दोन्ही चौथ्या घरात अडकलेले असतात. कंत्राटदाराची राखून ठेवलेली ३ ते ५ टक्के रक्कमही तेव्हाच सोडवायची असते. निम्मी काम पूर्ण झाल्यावर आणि निम्मी दोषदुरुस्तीचा काळ संपल्यावर. कर्ज फिटल्यानंतर जमिनीच्या नोंदवहीतून बोजा उतरला का, कंपनी नोंदणी कार्यालयातील नोंद बंद झाली का, आणि वैयक्तिक हमीतून मुक्त केल्याचे स्वतंत्र लेखी पत्र प्रत्येक हमीदाराच्या हाती आले का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. शेवटचे पत्र कोणी आपणहून पाठवीलच असे नाही. ते मागून घ्यावे लागते.